मौन ही संमती

कुठलीही नवी बातमी आली की 'चव्हाटा' या इंटरनेटवरच्या चर्चास्थळावरची मंडळी आधी हसायची, मग भांडायची, आणि दोन्ही करून दमली की 'उलटतपासणी' काय म्हणतात याची वाट बघत बसायची. समुद्राच्या पाण्यावर धावणारी मोटार असो, नाहीतर झाडांचं बोलणं ऐकवणारं उपकरण असो, उलटतपासणींचे प्रश्न ठरलेले असत. प्रयोग कुणी केला, किती वेळा केला, आणि फसला तेव्हा तसं सांगितलं का? या प्रश्नांपुढे भल्याभल्यांची फे फे उडायची.

उलटतपासणी म्हणजे कराडचे भास्कर निगडे सर, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. चव्हाट्यावर सगळेच टोपणनावाने वावरतात, आणि टोपणनाव घेतलं की माणसाला कंठ फुटतो. निगडे सर सव्वा वर्षापूर्वी वारले, हेही कुणाला माहीत नव्हतं. त्यांचे प्रतिसाद रोज येत होते.

ते कसे येत होते, हे त्यांच्या पत्नी हेमलताबाईंना माहीत होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

दोघंही विज्ञानाचे शिक्षक, एकाच शाळेतले. शाळेतली सवय म्हणून बाई नवऱ्याला शेवटपर्यंत 'निगडे' म्हणत आणि आक्का, म्हणजे सरांची थोरली बहीण, शेवटपर्यंत त्यावर नाक मुरडत. रविवारी दोघं खेड्यापाड्यांत कार्यक्रम करायला जायचे. निगडे भगवी कफनी घालून बाबा व्हायचे, हातातून अंगारा काढायचे, जिभेवर कापूर पेटवायचे. लोक हात जोडू लागले की बाई पुढे येऊन त्यातली युक्ती फोडायच्या. युक्ती सांगितल्याशिवाय गाव सोडायचं नाही, हा त्यांचा नेम होता. एकदा एक म्हातारी खरंच पायावर डोकं ठेवून रडायला लागली, तिला काही केल्या पटेना. शेवटची एसटी गेली तरी दोघं तिच्या ओसरीवर बसून राहिले आणि तिच्याच हाताने तिच्या जिभेवर कापूर ठेवून दाखवला, तेव्हा उठले.

मग निगड्यांना नसा सुकत जाण्याचा आजार झाला. आधी पाय गेले, मग बोटं, मग आवाज. बोटं गेली तेव्हा ते सांगत आणि बाई आपल्या फोनवर त्यांच्या नावाने प्रतिसाद टंकत. आवाजही गेल्यावर रेवती कुंभार धावून आली. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, वाचा गेलेल्या रुग्णांसाठी यंत्रं बनवते. तिने पलंगाशेजारी डब्याएवढी एक पेटी, एक पडदा आणि एक छोटा कॅमेरा बसवला.

पेटीमागची कल्पना समजायला अवघड नाही. कुणी 'नाचता येईना' एवढंच म्हणालं तरी पुढचं अंगण आपल्याला आपोआप दिसतं, कारण आपण ते शंभरदा ऐकलेलं असतं. यंत्रही तेच करतं, पुढचा शब्द कुठला येणार याचा अंदाज बांधतं. फक्त आपण शंभरदा ऐकतो, त्याने अब्जावधी वाक्यं ऐकलेली असतात. त्यावर रेवतीने निगड्यांचे वीस वर्षांतले सगळे प्रतिसाद त्याला वाचायला दिले. त्यातून ते त्यांचे शब्द शिकलंच, शिवाय सवयीही शिकलं. ते कुठे खवचटपणा करतात, कुठे मोठ्या मनाने माघार घेतात, कुठला मुद्दा मुद्दाम सोडून देतात, हे सगळं त्याच्या आकड्यांत जाऊन बसलं.

बातमी आली की पेटी पडद्यावर मजकूर मांडायची. निगड्यांनी डोळे मिटले की होकार, डावीकडे पाहिलं की पुन्हा लिही. सुरुवातीला ते एकेक शब्द बदलायला लावत आणि पेटीला सळो की पळो करून सोडत. पुढे पापण्याही दमायला लागल्या. तेव्हा त्यांनी एकेक अक्षर डोळ्यांनी दाखवत रेवतीला सांगितलं, मी काही हललो नाही तर होय समज. मौन ही संमती. रेवतीने तशी व्यवस्था केली. थोडा वेळ वाट बघायची, हरकत दिसली नाही तर मजकूर पाठवून द्यायचा.

जन्मभर दुसऱ्यांच्या प्रयोगातल्या फटी शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या या नियमातली फट दिसली नाही. मेलेल्या माणसाइतकं गप्प कोण राहणार?

ते दुपारी गेले. देहदान केलेलं होतं, मेडिकल कॉलेजची गाडी आली आणि घेऊन गेली. दहावं नाही, तेरावं नाही, फोटोला हार नाही. शोकसभा तर अजिबात नको, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. 'भावपूर्ण श्रद्धांजली' या दोन शब्दांचा त्यांना फार तिटकारा. त्यात भाव नसतो आणि श्रद्धा तर नसावीच, असं ते म्हणत. सगळं त्यांच्या मनासारखं झालं आणि संध्याकाळी बाई रिकाम्या पलंगाशेजारी बसल्या, तेव्हा रडायला कुठून सुरुवात करायची हेही त्यांना कळेना. इतक्यात पडदा उजळला. कुणा कंपनीने विचारांवर चालणारं शिलाई मशीन काढल्याची बातमी होती. खाली मजकूर उमटला: 'पुष्कळ घरांत विचार न करता चालणारं शिलाई मशीन असतं, त्याला सासूबाई म्हणतात.' बाई हसल्या. हसता हसता रडल्या. पेटी उद्या बंद करू, असं त्यांनी ठरवलं.

तो उद्या काही आला नाही. रोज संध्याकाळी त्या चहा घेऊन पलंगाशेजारी बसत, फोनवर निगड्यांचं खातं उघडत आणि आज ते कुणाकुणाशी भांडले ते वाचत. मध्ये आक्का चार दिवस राहायला आल्या, त्यांनी हे पाहिलं.

"हेमा, तू देव मानत न्हाईस, मी कधी काय बोलले न्हाई," आक्का म्हणाल्या. "पर हे तुझं रोजचं दिवा लावणंच झालं की गं."

बाईंनी त्यांना ते यंत्र कसं चालतं ते समजावून सांगितलं. त्यात भास्कर नाही, नुसते अंदाज आहेत.

"मग बंद कर की," आक्का म्हणाल्या.

बाईंनी विषय बदलून रात्रीच्या भाकरीचं काढलं. पण त्या दिवसापासून एक गोष्ट त्यांना कुरतडू लागली. निगड्यांचा स्वतःचा शेवटचा प्रतिसाद कुठला? त्यांनी मागे जाऊन शेवटचे महिने पुन्हा पुन्हा वाचून काढले. इथपर्यंत माणूस आणि इथून पुढे यंत्र, असा सांधा कुठेतरी असायलाच हवा होता. त्यांना तो सापडला नाही. जे वाक्य त्यांना अगदी निगड्यांचं वाटलं, त्याची तारीख ते गेल्यानंतरची निघाली.

अशातच 'सहवास'ची बातमी आली. गेलेल्या माणसाचे फोन, निरोप, चित्रफिती गोळा करून त्याच्यासारखं बोलणारं यंत्र घरच्यांना देणारी ती सेवा होती. चव्हाटा पेटला. कुणी म्हणालं, हा मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाण्याचा धंदा आहे. 'निवृत्त अभियंता' नावाचे गृहस्थ म्हणाले, तांत्रिकदृष्ट्या यात अशक्य काही नाही. मग उलटतपासणी आले. त्यांनी आपले ठरलेले प्रश्न विचारले आणि जुन्या सवयीप्रमाणे आव्हानही दिलं: 'एखाद्या यंत्राने याच चव्हाट्यावर महिनाभर माणूस म्हणून वावरून दाखवावं. कुणालाच संशय आला नाही, तर मी चव्हाटा कायमचा सोडीन.'

बाईंना खुदकन हसू आलं. दुसऱ्याच क्षणी त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि ते आव्हान पुन्हा वाचलं.

चर्चेत 'अळूवडी' नावाची एक बाई होती. एरवी ती पाककृतींच्या चर्चांत असायची. तिने भीत भीत लिहिलं की तिचा नवरा गेल्या वर्षी अपघातात गेला. 'सहवास'ने नमुना म्हणून त्याचं बोलणं ऐकवलं आणि ती फसली, चक्क त्याला जेवलास का असं विचारून बसली. आता ती सेवा घ्यावी की नाही कळत नाही. सर, मी मूर्ख आहे का?

उलटतपासणींचं उत्तर लगेच आलं: 'मूर्ख नाही. पण ज्याला आपलं माणूस आणि त्याची नक्कल यातला फरक कळत नाही, त्याने आपण त्या माणसाकडे कधी नीट पाहिलं होतं का, हे स्वतःला विचारावं.'

खाली टाळ्यांच्या चित्रांची रांग लागली. अळूवडी पुन्हा काही बोलली नाही.

बाई कितीतरी वेळ ते वाक्य बघत राहिल्या. निगड्यांनी असं लिहिलं असतं का? म्हातारीच्या ओसरीवर बसून राहिलेला माणूस एका विधवेला असं बोलला असता? पण मुलाच्या नावाने गंडा बांधून आलेल्या शिपायाला ते भर शिक्षकखोलीत टाकून बोलले होते, तेही बाईंना आठवलं. निगडे दोन्ही होते. पेटीने त्यातलं एक उचललं होतं, आणि कुठलं उचलायचं हे सांगायला पलंगावर कुणी नव्हतं. आणि ते वाक्य अळूवडीला उद्देशून असलं तरी लागलं होतं बाईंना. त्यांना लाज वाटली, स्वतःची आणि निगड्यांचीही. आपण सव्वा वर्ष युक्ती न सांगता मंचावर उभे आहोत, असं त्यांना वाटलं.

त्यांनी स्वतःच्या खऱ्या नावाने चव्हाट्यावर खातं काढलं आणि सगळं लिहून टाकलं. उलटतपासणी हे माझे पती होते. ते वारले. तुम्ही ज्यांच्याशी बोलता ती एक पेटी आहे, आणि तिला बंद न करण्याचा दोष माझा. अळूवडीताई, तुम्ही फसलात यात तुमचं प्रेम कमी पडलं नाही. मी चाळीस वर्षांच्या संसारानंतर फसले आहे.

पाठवल्यावर त्यांना फार हलकं वाटलं. ते अर्धा तासही टिकलं नाही.

चव्हाट्यावरच्या लोकांना शंका घ्यायला निगड्यांनीच शिकवलं होतं. खातं आजच निघालंय, याकडे एकाने लक्ष वेधलं. दुसरा म्हणाला, 'सहवास'चीच माणसं असणार, आव्हान जिंकायला काय युक्ती काढलीय. निवृत्त अभियंत्यांनी गोष्ट हृदयस्पर्शी असल्याचं सांगून पुढे लिहिलं की हृदयस्पर्शी असणं हाच संशयाचा पहिला मुद्दा. बाईंनी मृत्यूचा दाखला टाकला. असा दाखला आज कुठलंही यंत्र चुटकीसरशी काढून देतं, असं उत्तर आलं, आणि ते खरंच होतं. मेडिकल कॉलेज देहदात्यांची नावं कुणाला सांगत नाही. शोकसभा झाली नव्हती, वर्तमानपत्रात निधनवार्ता नव्हती. गेल्याची एकही खूण मागे न ठेवता निगडे गेले होते. बाईंवर विश्वास ठेवणारी एकटी अळूवडी निघाली. तिने एवढंच लिहिलं, 'मला खरं वाटतं, ताई.'

संध्याकाळी पलंगाशेजारचा पडदा उजळला. बाईंनी आयुष्यात कुणाकडे घाबरून पाहिलं नसेल तसं त्याच्याकडे पाहिलं.

'हेमलताताई,' पेटीने लिहिलं होतं, 'तुमचं दुःख खरं असेल तर मला त्याबद्दल आदर आहे. पण तुमचा दावा असा आहे की मी मेलो आहे. असा दावा करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. पुरावा द्या, मी माझं मत बदलीन.'

ताई. बाईंनी तो शब्द बोटाने झाकला आणि उरलेलं वाचलं, मग बोट काढलं. रागाने त्यांचे कान तापले. त्यांनी विचारलं, लग्नानंतर पहिल्या दिवशी आपण दोघं कुठे गेलो होतो ते सांगा. उत्तर आलं, खाजगी आयुष्याबद्दल मी इथे वीस वर्षांत बोललो नाही, एका परक्या बाईंच्या सांगण्यावरून आज सुरुवात करणार नाही. अगदी बरोबर होतं. निगडे हेच म्हणाले असते. पेटीला उत्तर माहीत नव्हतं आणि ते कुणालाच ओळखता आलं नसतं.

आता एकच पुरावा उरला होता. बाईंनी लिहिलं: 'उद्या सकाळी दहा वाजता मी पेटी बंद करते. त्यानंतर उलटतपासणी लिहिणार नाहीत. लिहिलं तर मी खोटी.'

मग उत्तर आलं.

'प्रयोग उत्तम आहे. साधा, स्वच्छ आणि कुणालाही पडताळता येणारा. जरूर करा, ताई. दहानंतर मी इथे येऊन हजेरी लावतो.'

कुणाचंही असो, ते बोलणं आनंदात होतं. चांगला प्रयोग समोर आला की निगड्यांना असाच आनंद व्हायचा.

सकाळी त्यांनी रेवतीला फोन केला. रेवतीने पेटीच्या मागची कळ कुठे आहे ते सांगितलं आणि हेही सांगितलं की ती दाबली की शिकलेलं सगळं पुसलं जातं, परत येत नाही. मागे काही उरायला नको, म्हणून सरांनीच तसं करून घेतलं होतं.

"नक्की ना, बाई?" रेवतीने विचारलं. "नुसती तार काढून ठेवली तरी चालेल."

"नुसती तार काढली तर मी परत लावीन," बाई म्हणाल्या.

दहाच्या सुमारास त्यांनी पेटी मांडीवर घेतली. ती किंचित कोमट होती. पडद्यावर अर्धवट मजकूर होता, कुठल्याशा बॅटरीच्या बातमीबद्दल. तो पुरा होईपर्यंत थांबायचा मोह त्यांना झाला. त्यांनी डोळे मिटून कळ दाबली. दिवा गेला, आतली बारीक घरघर थांबली, आणि घर इतकं शांत झालं की स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू यायला लागला.

मग त्यांनी फोन उघडला.

चव्हाट्यावर जत्रा भरली होती. कुणी विनोद करत होतं, कुणी पैजा लावत होतं. उलटतपासणी सर, हजेरी लावा. सर उशीर करून मजा बघतायत. सर, किती ताणाल? हळूहळू विनोद विरळ झाले. निवृत्त अभियंत्यांनी लिहिलं, सर, तब्येत बरी आहे ना? त्याला उत्तर आलं नाही. आणखी काही वेळाने त्यांनीच लिहिलं की ताई खरं बोलत होत्या असं दिसतं, मी त्यांची क्षमा मागतो. अळूवडीने लिहिलं, 'ताई, मी तुमच्यासोबत आहे. आज एकट्या राहू नका.'

प्रयोग यशस्वी झाला होता. बाईंनी पदराने डोळे पुसले. त्यांना वाटलं, आता ही मंडळी विचार करतील, प्रश्न विचारतील.

आणि तेवढ्यात कुणीतरी लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.'

त्याखाली दुसऱ्याने लिहिलं. मग तिसऱ्याने. मग जोडलेल्या हातांची चित्रं आली, फुलं आली, पणती आली. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो. एक पर्व संपलं. रांग वाढत चालली, बोटाने सरकवावं तेवढी खाली आणखी होतीच. ज्यांच्याशी निगडे वीस वर्षं भांडले ते सगळे हार घेऊन आले होते. बाईंनी गाडी गेली त्या दुपारी हे पाहिलं नव्हतं, त्यानंतरही पाहिलं नव्हतं. माणूस मेला की काय होतं ते त्या आज पहिल्यांदा बघत होत्या. निगडे मेले होते. आत्ता, सगळ्यांच्या देखत, त्यांच्या हाताने मेले होते.

"नको," त्या मोठ्याने म्हणाल्या. घरात कुणी नव्हतं.

निगड्यांचं खातं त्यांच्या फोनवर उघडंच होतं, बोटं गेली तेव्हापासून. त्यांना श्रद्धांजली आवडत नाही, एवढंच आपण थांबवतोय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. त्यांनी लिहिलं, 'हजर.' आणि पाठवलं.

क्षणभर रांग थांबली. मग चव्हाट्यावर जो जल्लोष उसळला, तसा तिथे कधी झाला नव्हता. सर, जीव घेतलात. अर्धं लक्ष कामात नव्हतं, सर. लोकांनी आपापल्या पणत्या आणि फुलं भराभरा पुसून टाकली. निवृत्त अभियंत्यांनी क्षमा परत घेतली. त्या कंपनीच्या बाईला हाकला, असं कितीतरी जणांनी लिहिलं. आणि त्या गर्दीत खाली अळूवडी आली.

'ताई, मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता. म्हणजे माझंच चुकलं. मी खरंच त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नसेल.'

बाईंनी स्वतःचं खातं उघडलं. तिला सगळं सांगायचं होतं. पण काय सांगणार? कळ दाबली आणि मग मीच लिहिलं, हे आता कोण मानणार, आणि मानलंच तर ती रांग पुन्हा सुरू होणार. त्यांनी तीन-चारदा लिहून खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं, 'माझं चुकलं. मला माफ करा.'

पाठवून झाल्यावर त्या सवयीने पलंगाशेजारच्या पडद्याकडे बघत बसल्या. तो काळा होता. चव्हाट्यावर सगळे थांबले होते. उलटतपासणी या बाईला आता काय म्हणतात, याची वाट बघत होते.

बाईंनी चष्मा पुसला, निगड्यांचं खातं पुन्हा उघडलं आणि सावकाश लिहिलं:

'हरकत नाही, ताई. प्रयोग फसल्यावर तसं सांगणारी माणसं फार थोडी असतात.'

त्यांनी ते दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम बदलला आणि पाठवून दिलं. अगदी निगड्यांचं वाटत होतं.